शनिवारचं बक्षीस

आमच्या शाळेत मेहनती मुलांच्या वहीवर चांदण्या चिकटवायची पद्धत आहे. मला त्या चांदण्यांचा मनापासून राग येतो. पोरांनी आठवडाभर राबायचं आणि हातात काय, तर कागदाचा चिटोरा! म्हणून माझ्या सातवीच्या वर्गात मी वेगळं बक्षीस सुरू केलं. जो मन लावून काम करील आणि चुकलं तरी तोंड पाडून बसणार नाही, त्यानं शनिवारी माझ्याबरोबर जेवायचं. शनिवारी अर्धीच शाळा. ती सुटली की बक्षीसवाल्यानं मागे थांबायचं आणि आम्ही वर्गातच डबा उघडायचा.

खरं सांगायचं तर त्या जेवणाची वाट मीच जास्त बघायची. आई गेल्यापासून हुबळीत उणकल भागातल्या फ्लॅटमध्ये मी एकटीच. एकटीसाठी कोण खटाटोप करणार? एरवी कुकरमध्ये डाळ-तांदूळ एकत्र टाकले की झालं. शनिवारी मात्र पहाटे उठून ज्वारीच्या पातळ भाकऱ्या, भरली वांगी, शेंगांची चटणी असा थाट. समोर बसून कोणीतरी "टीचर, अजून वाढा की" म्हणतंय, एवढ्यावर माझा पुढचा आठवडा निघायचा.

या वर्षी वर्गात जुन्या हुबळीतल्या भांडीवाल्यांची मुलगी आली. अपूर्णांक तिला काही केल्या जमेनात. पण पोरगी हटायला तयार नाही. चुकलं की खोडरबर घ्यायची आणि हसून म्हणायची, "परत एकदा करून बघतो की टीचर." आमच्याकडे मुलीही अशाच बोलतात. एका शुक्रवारी तिची सगळी गणितं बरोबर आली आणि मी बक्षीस तिला जाहीर केलं. वर्गानं टाळ्या वाजवल्या. ती नुसती मान हलवून खाली बसली.

शनिवारी घंटा झाली. तिच्या मैत्रिणी दप्तरं अडकवून दारात घुटमळत होत्या. मी डबा काढत होते, तेवढ्यात ती टेबलाजवळ आली.

"टीचर, बक्षीसच हाय न्हवं? मग मला पण सगळ्यांबरोबर सोडता काय?"

गृहपाठ न करणाऱ्यांनाही आम्ही शनिवारी असंच मागे थांबवतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काम केलं तरी थांबा, नाही केलं तरी थांबा.

"जा," मी म्हटलं.

जिन्यावरून त्यांचा कन्नड-मराठी कलकलाट उतरत गेला. दोघींपुरता आणलेला डबा मी पुढ्यात घेऊन बसले. वाईट वाटलं, रागही आला. कोणाचा, ते कळेना.

सोमवारी नियम बदलला. आता बक्षीस मिळवणाऱ्याला शनिवारी घंटेआधी दहा मिनिटं सोडायचं. वर्गानं बाकं बडवली. तेव्हापासून पोरं अशी काही कामाला लागली आहेत की स्टाफरूममधली मंडळी येऊन मला युक्ती विचारतात. मी हसून वेळ मारून नेते.

गेल्या शनिवारी तीच पुन्हा जिंकली. दप्तर घेऊन दारापर्यंत गेली आणि वळली.

"टीचर, तुम्ही बी लई काम करता की. आज तुम्ही पण लवकर घरी जावा."

तिच्या लेखी याहून मोठं बक्षीस नव्हतं.

"जाते हं," मी म्हटलं. मग घंटा झाली, सगळे गेले. मी डस्टर घेतलं आणि फळा पुसायला लागले. तो आधीच पुसलेला होता.