प्रल्हादच्या नऊ नळ्या

प्रल्हाद गेल्याचा निरोप मोबाइलवर आला तेव्हा माझा विश्वास बसला नाही. दुःखामुळे नव्हे, आमच्या कॉलेजच्या त्या ग्रुपवर याआधी दोन धडधाकट माणसांना फुलांच्या चौकटीत बसवून झालं होतं. म्हणून मी सरळ प्रल्हादलाच फोन लावला. उचलला सुलोचनावहिनींनी. "भाऊजी, खरं हाय," एवढंच म्हणाल्या... इतक्या वर्षांच्या दोस्तीत त्याची एकही गोष्ट मी तपासल्याशिवाय मानली नव्हती. ही शेवटचीही नाही.

अंबाजोगाईतल्या शोकसभेत एका वक्त्याने त्याला थोर शास्त्रज्ञ केलं, दुसऱ्याने डॉक्टरेट देऊन टाकली. प्रल्हादला डॉक्टरेट मिळाली नव्हती. का मिळाली नाही हे त्या सभागृहात दोघांनाच ठाऊक होतं. वहिनी पुढच्या रांगेत मान खाली घालून बसल्या होत्या आणि मी मागे. ती न मिळण्यात माझा हात होता.

तो जीवरसायनशास्त्र शिकवायचा, मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. पीएच.डी.साठी त्याने लाळ हा विषय घेतला तेव्हा स्टाफरूममध्ये लोक चहा खाली ठेवून हसले. मला मात्र त्याने नीट समजावलं होतं. दात घासून झाले की लगेच लाळेतली प्रथिनं इनॅमलवर जाऊन बसतात, डोळ्यांना न दिसणारा एक पातळ थर तयार होतो आणि आंबटाने दात झिजू नये म्हणून तो मध्ये उभा राहतो. "मग माझे कावून किडले?" मी विचारलं. "त्याच थराला धरून जंतूबी बसतात," तो म्हणाला. असल्या राखणदाराविषयी तेव्हापासून माझं मत चांगलं नाही.

मग तो नळ्या घेऊन गावोगाव लाळ गोळा करत हिंडू लागला. "बघ बे," एकदा म्हणाला, "आमच्या पूर्वजांच्या गळ्यात थुंकायला मडकं बांधलं होतं. आता मी स्वतःहून नळी पुढं करतो, तर लोक लाजतात." युसूफ वडगावच्या पलीकडे एका वस्तीवर त्याला मेंढपाळाचं घर सापडलं. नऊ माणसं, म्हाताऱ्या बाबांपासून सुनांपर्यंत, आणि एकाचाही दात किडका नाही. बाबांनी नऊ नळ्या आत नेल्या आणि नऊ भरून आणल्या. तपासणीत नऊही नळ्यांत दात राखणारं एक प्रथिन सारखंच भरपूर निघालं. मार्गदर्शक खूश झाले, परिषदेत व्याख्यान ठरलं, प्रबंध जवळजवळ बांधायला गेला.

त्याने मला तक्ता दाखवला. मला विज्ञान येत नाही, पण छापलेल्या गोष्टींवर संशय घेण्याचा पगार मी आयुष्यभर घेतला. "नऊच्या नऊ सारखे? अरे, सुना तर दुसऱ्या घरातून आल्यात. आकडे तूच शिजवलेस का?"  त्याचा चेहरा असा झाला, की मी थट्टेचं हसू आणायला गेलो आणि ते आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याने स्कूटर काढली. "बस मागं. तुझ्यासमोर विचारतो."

बाबा मेंढरांना पाणी पाजत होते. प्रल्हादने विचारलं, त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "समद्या नळ्यांत म्याच थुकलो."

"कावून, बाबा?"

"लेकी-सुनांची थुकी परक्याच्या हाती कशी द्याची? कुणी काई करणी केली म्हंजी? तुमच्यावर भरोसा हाय, सायेब. पर नळी फुडं कुठं जाती, कुणाला ठावं? म्हनलं, व्हायचं ते माझ्या एकट्याच्या थुकीवर हू द्या."

प्रल्हाद आधी हसला, मग वाकून त्यांच्या पाया पडला. नऊ माणसांवरचं संकट एकट्याच्या अंगावर घेणारा माणूस त्याला त्या प्रथिनापेक्षा मोठा वाटला असावा. मार्गदर्शक म्हणाले, "सुना वगळा, बाकीचं राहू द्या. एका रक्ताचे म्हणून खपून जाईल." त्याने व्याख्यान रद्द केलं, प्रबंध परत घेतला आणि पहिल्यापासून सुरुवात केली. ते काम संपलं नाही... तो संपला. तो प्रश्न मी सत्याच्या कळवळ्याने विचारला, की त्याच्या नावाआधी 'डॉ.' लागणार हे मला बघवलं नाही, हे आजही मला नक्की सांगता येत नाही. त्याला सांगता आलं असतं असा मला संशय आहे. त्याने कधी सांगितलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच्या खोलीत गेलो. वहिनींनी चहा दिला आणि त्याची वही पुढे ठेवली. दुसऱ्या फेरीत बायकांच्या नळ्या घ्यायला वहिनी स्वतः जायच्या. प्रत्येक नावापुढे 'सुलोचनासमोर' असं लिहिलेलं. शेवटी किडक्या दातांच्या माणसांची यादी होती. तिच्यात पहिलं नाव माझं. पुढे लिहिलं होतं, 'समोर उभं राहून घेणे.'

"त्यांची एक विद्यार्थिनी पुढचं काम करनार हाय," वहिनी म्हणाल्या आणि कपाटातून माझ्या नावाची रिकामी नळी काढली. "देता का, भाऊजी?"

"द्या."

त्यांनी माझ्या हातातल्या कपाकडे पाहिलं. "चहा पिलात ना? मग तासभर थांबावं लागतं."

कप मी खाली ठेवला. वहिनी समोरच्या खुर्चीवर बसल्या, मी त्याच्या. घड्याळ बघत आम्ही दोघं तासभर तिथं बसून राहिलो.