घडी न मोडलेला पेपर

त्या दुपारी घरात कोन कोन व्हतं ते आदी सांगते. मी, माजी लेक, खाटंवर तिचा बा, आन् दारात पोतं टेकवून बसलेला रद्दीवाला. चौघंच.

मी सोलापुरात एसटी स्टँडाम्होरं भाजल्या शेंगा इकते. पुड्याला रद्दी लागती. माजी शाळा चौथीपातूर, तीबी मेंढरामागं पळत झालेली. अक्षर अक्षर लावून वाचते. लेक मातर लई शिकली, पीएचडी झाली. पर आठ वर्सं कालेजात तासावरच शिकवत व्हती. जितकं तास तितका पगार, उन्हाळ्यात कायच न्हाय. आमच्या भटक्या जमातीला राखीव जागा आसत्यात. त्या निगत्यात कवा आन् जात्यात कवा, हेच कळंना. रोज मोबाईल बगायची. दोनदा तारीख गेल्यावर कळलं.

त्या दुपारी तिनं शेंगाचा पुडा उचलला, दोन शेंगा फोडल्या आन् तोंड हलवायचीच थांबली. शेंगा वटीत वतल्या आन् कागद उलगडला.

"आये, ह्याचा दुसरा तुकडा कुटंय?"

"गेला की सकाळी. गिराइकाच्या हातात."

कागदावर व्हतं, प्राध्यापक, मराठी, भज-क, एक जागा. भज-क म्हंजी आमीच. कालेजाचं नाव दुसऱ्या तुकड्यावर. म्या माज्याच हातानं फाडला व्हता.

"शेंगासंगं कागदबी खाल्ला आसंल शेरडावानी," खाटंवरनं बा बोलला.

रद्दीवाला म्हनला, "ताई, ह्यो पेपर माज्याकडं गठ्ठ्यानं येतो. घडीबी मोडलेली नसती. कोन वाचतंय त्यो?"

"कुनी वाचू नये म्हनूनच तितं छापत्यात, दादा," लेक म्हनाली. "जाहिरात दिल्याचा कागद तयार. कुनी आलं न्हाय की लिवायचं, उमेदवार मिळाला न्हाय. मग आपलाच मानूस तासावर घ्यायचा."

वाचलेला पेपर मऊ पडतो, पुडा बसत न्हाय. म्हनून गठ्ठ्यातला कोरा, कडक पेपर मी आदी निवडून फाडायची. आठ वर्सात किती फाडलं आसतील?

मी रडले न्हाय. मेंढरू चुकलं तर रडत बसत न्हाईत, पाऊल बगत मागं जात्यात.

रद्दीवाल्याला इचारलं, "ह्ये येत्यात कुटनं?"

"हापिसातनं, मावशी. पेपरवालं तितं फुकट टाकत्यात. म्हैन्यानं मी उचलतो."

"म्हैन्यानं नगं. दर दोन दिसाला उचल. मला आदी आनून दे."

"मला काय मिळंल?"

"शेंगा. गरम."

"मग आनतो की!"

तवापासनं कोरा पेपर आला की फाडायच्या आदी मी बोट फिरवायची. समदं वाचाया न्हाय जमत. 'भज' तेवढं हुडकायची. लेकीनं पाटीवर लिवून दिलं व्हतं. गिराईक वरडायचं, "आजी, शेंगा द्या, पेपर काय वाचताय!" मी म्हनायची, थांब जरा. पावसाळा गेला, थंडी गेली, घावलं न्हाय. रद्दीवाला एक खेप न चुकवता आला.

मग एका सकाळी बोट थांबलं. शेगडी तशीच सोडून मी शेजारच्या चहावाल्याच्या फोनवरनं लेकीला बोलावलं. तारीख चार दिसावर. कालेज बार्शीकडचं. दुसऱ्या दिशी तिच्यासंगं मीबी गेले.

तितला कारकून कागद उलटापालटा करून बगत म्हनला, "म्याडम, ही जाहिरात तुमाला कुटं घावली?"

"शेंगाच्या गाड्यावर," लेक म्हनाली. "अर्जाची पोच द्या. शिक्का मारून."

त्यो इकडं तिकडं बगाया लागला. मी बाकड्यावर बसले. म्हनलं, "द्या सावकाश. आमाला घाई न्हाय." शिक्का पडला तवाच उटले.

मुलाखतीला ती एकटीच व्हती. पोच हातात व्हती, मग कुनी आलंच न्हाय आसं लिवता येईना. आता दुसरं वरीस चाललंय, ती तितं कायम हाय.

शेंगाचा गाडा मी सोडला न्हाय. तासावर शिकवनाऱ्या चार पोरी सकाळी येत्यात, कोरा गठ्ठा चाळत्यात, मग मी फाडते. गेल्या म्हैन्यात त्यातल्या एकीला मुलाखतीचं पत्र आलं.

हे वाचनाऱ्याला येकच सांगनं हाय. आसल्या पेपरात राखीव जागा दिसली तर, तुमच्या कामाची नसली तरी, फाडू नगा. ज्याच्या कामाची हाय त्याला त्याच दिशी कळवा.