संगणकाची आंघोळ

आमच्या शाळेचे शिपाई कडूबामामा पंचवीस वर्षांत एकदाही उशिरा आले नाहीत, आणि सांगितलेलं काम सांगितलं तेवढंच त्यांनी एकदाही केलं नाही. फळा पुसा म्हटलं की भिंतही पुसायचे. हेडसरांच्या टेबलावरची धूळ झटका म्हटलं, तर टेबल बोअरिंगवर नेऊन धुतलं आणि खणातले दाखले दोरीवर वाळत घातले. स्वच्छतेच्या असा हात धुऊन मागे लागलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जाफराबादहून जीपने पाऊण तासावरच्या या शाळेत २००६ साली संगणक आला. आला तो बेबीनंदासाठी. आठवीतली ही मुलगी जन्मापासून आंधळी. सातवीपर्यंत ती नुसतं ऐकून शिकली. परीक्षेत ही उत्तर सांगायची, शेजारची मुलगी लिहायची, आणि तिच्या चुका हिच्या नावावर जायच्या. या संगणकात बटण दाबलं की ते अक्षर आणि मग लिहिलेलं वाक्य बोलून दाखवायची सोय होती. तीन महिन्यांत बेबीनंदा इंग्रजी अक्षरांतून मराठी स्वतः लिहायला लागली. पहिलं वाक्य लिहिलं, ‘मामा, घंटा लवकर द्या.’ मामांनी त्या दिवशी खरंच दहा मिनिटं आधी घंटा दिली.

दसऱ्याच्या आधी जिल्ह्याहून पत्र आलं. साहेब पाहणीला येणार, आणि संगणक नीट वापरात दिसला नाही तर तो अंबडच्या शाळेला देणार. पत्र ऐकल्यावर बेबीनंदाने डबा उघडला नाही.

“मॅडम, मंग मी पुन्हा नुसती ऐकतच बसू का?” तिने विचारलं.

मला त्या न पाहिलेल्या साहेबाचा असा संताप आला की मीही जेवले नाही. हेडसर बद्रीनाथ मात्र कामाला लागले. मामांना म्हणाले, “कडूबा, खंडेनवमीला बाकीच्या अवजारांसंगं संगणकाचीबी पूजा कर. लख्ख दिसला पाहिजे.” लख्ख हा शब्द मामांसमोर काढायचा नसतो, हे पंचवीस वर्षांत शाळेत सगळ्यांना कळलं होतं, हेडसर सोडून.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. सकाळपासून गेलेली वीज त्यांच्या जीपबरोबरच आली, त्यामुळे आधी काही तपासून बघता आलं नाही. मामांनी साहेबांना बूट दाराबाहेर काढायला लावले. आत संगणकाला झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकू. हेडसर पुढे सरसावले आणि एका बोटाने अक्षरं शोधत स्वतःचं नाव लिहू लागले.

“क्यू. झेड. पी. एक्स,” संगणक बोलला.

“हे कोणाचं नाव?” साहेबांनी विचारलं.

“माझंच, साहेब.”

मी वाकून बटणांकडे पाहिलं. गावजेवणाला माणसं बसतात तशी अक्षरं जिथे जागा मिळाली तिथे बसली होती.

“मामा, काय केलंत?” मी कुजबुजले.

“लई मळ व्हता, मॅडम. स्क्रूडायव्हरनं येकेक बटन काढलं, शिकेकाईनं धुतलं, उन्हात वाळवलं, अन् बसवलं बराबर.”

“बराबर?”

“बिलकुल. येकबी उरलं न्हाई.”

मीही प्रयत्न केला. लिहायला गेले जालना, निघालं भलतंच. साहेबांनी फाईल मिटली. “यंत्र नादुरुस्त आहे. उद्या टेम्पो पाठवतो.”

“साहेब, मी लिहू का?” मागून बेबीनंदा म्हणाली.

ती खुर्चीवर बसली, बोटं ठेवली आणि भराभर लिहीत सुटली. अदलाबदल झाली होती ती वरच्या टोपणांची, खालचं यंत्र होतं तसंच होतं. ती टोपणांकडे बघतच नव्हती, तर तिचं चुकणार काय? संगणकाने सगळ्यांसमोर खणखणीत वाचून दाखवलं, “साहेब, संगणक बरा आहे. बघणाऱ्यांचं चुकतंय.”

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी शेरा लिहिला, ‘उत्तम वापरात आहे.’ टेम्पो आला नाही.

संध्याकाळी मी आणि मामा बटणं नीट लावत बसलो. मी तोंडाला येईल ते बोलत होते, आणि मामा मान खाली घालून ऐकत होते. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं. दोन बटणांवर बारीक उंच रेघ असते. न बघता लिहिणारा त्यावर बोट ठेवूनच बाकीच्या जागा ओळखतो. ती दोन हलली असती तर बेबीनंदाचंही नाव क्यू झेडच निघालं असतं. एवढ्या गोंधळात तीच दोन जागच्या जागी होती.

“मामा, तुम्हाला इंग्रजी अक्षर येत नाही. मग ही दोन बरोबर कशी बसली?”

“ते काढलेच न्हाई, मॅडम,” मामा म्हणाले. “वरच्यावर फडक्यानं पुसले. पोरगी रोज त्याच्यावरच बोट ठेवून बसती. ते तिचे हायत.”