झाकणाच्या आतला आकडा

मेन रोडला माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान आहे. लोक विचारतात, मोबाइलच्या जमान्यात चालतं का? चालतं, आणि मजेत चालतं. मला दोनच व्यसनं: दुपारचा चहा आणि दुसऱ्या कारागिरांना नावं ठेवणं. घड्याळ उघडलं की झाकणाच्या आत आधीच्या कारागिरानं सुईनं कोरलेला कामाचा नंबर सापडतो. आम्ही सगळेच कोरतो. त्याच्या अक्षरावरून मी त्याची लायकी ठरवतो.

मागच्या थंडीत देवळालीहून ऐंशीला टेकलेल्या एक बाई वडिलांचं बंद घड्याळ घेऊन आल्या. वडील दुसऱ्या महायुद्धात लष्करी अधिकारी होते, आफ्रिकेत पकडले गेले. पकडणाऱ्यांनी हातातलं घड्याळ काढून घेतलं. त्या काळी एक स्विस कंपनी कैदेतल्या अधिकाऱ्यांना नुसत्या पत्रावर घड्याळ पाठवायची, पैसे लढाई संपल्यावर. हे तसंच आलेलं, असं वडील सांगायचे.

"दादाला ते कधीच पटलं नाही," बाई म्हणाल्या. "म्हणायचा, मुंबईत घेतलं आणि गोष्ट रचली. बाबांना ते फार लागलं. शेवटपर्यंत दोघं धड बोलले नाहीत. आत काही खूण दिसते का बघा ना."

मी झाकण उघडलं. आत वेडावाकडा पाच आकडी नंबर.

"कुणा कच्च्या कारागिराचा कामाचा नंबर आहे, मावशी. बाकी काही नाही." मी शहाणपणा पाजळला. बाई घड्याळ दुरुस्तीला ठेवून गेल्या.

चार दिवसांनी घड्याळ न्यायला आल्या, तेव्हा वडिलांनी छावणीतून आईला पाठवलेलं कार्ड सोबत होतं. "खूण नसली तर नसू दे. त्यांचं अक्षर तरी बघा." नावाखाली कैदी क्रमांक होता. मी झाकण पुन्हा उघडलं. तेच पाच आकडे, तसाच शेपटीवाला सात. नंबर कारागिराचा नव्हे, वडिलांनीच छावणीत कोरलेला.

मला स्वतःची लाज वाटली. हात जोडून माफी मागितली. माझ्या हातून असं क्वचितच होतं.

बाईंनी तिथूनच पुण्याला भावाला फोन लावला, स्पीकरवर. सगळं सांगितलं.  पलीकडून आवाज आला, "चालू आहे का ते?"

"आहे."

"फोनपाशी धर."

त्यांनी धरलं. मी उठून भिंतीवरच्या दोन्ही घड्याळांचे लंबक हातानं थांबवले. दुकानात तेवढी एकच टिकटिक राहिली. आम्ही ती ऐकत उभे होतो.

पंच्याऐंशी वर्षांचा तो माणूस हळूच म्हणाला, "हो, बाबा."