पाणी कुठलं भरता, असं विचारणाऱ्या डॉक्टर

डॉ. सुमतीबाई प्रधान यांची आणि माझी पहिली ओळख झाली, ती माझ्या हातून चूक घडली त्या दिवशी. शिळफाट्याहून कर्जतच्या दवाखान्यात रोज येणारी मी नवी परिचारिका होते. ऐन उन्हाळ्यात पळसदरीपलीकडच्या कातकरी वाडीतून सातव्या महिन्यातली हिरा आली. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते. मी तिला म्हणाले, "इतक्या उशिरा का आलीस गं? स्वच्छता पाळत नाही तुम्ही, मग असं होतं."

बाई मागेच उभ्या होत्या. त्या हिराजवळ बसल्या आणि त्यांनी विचारले, "हिरा, पाणी कुठलं भरता?"

"ओढ्यातलं. वाळू उकरायची नि वाटीनं भरायचं. नळ हाय, पन तो बंगल्यांना. आमच्याकडं नाय."

गरोदरपणातली कावीळ किती घातक ठरते, हे बाईंना ठाऊक होते. त्यांनी तिला तातडीने मोठ्या रुग्णालयात हलवले. चौथ्या दिवशी हिरा गेली, बाळही गेले.

दुसऱ्या सकाळी बाई मला म्हणाल्या, "चल, वाडीवर जायचंय." हिराच्या आईसमोर मला रडू फुटले. "मी तिला नको ते बोलले," एवढेच म्हणता आले. त्या माउलीने मला बसायला गोणपाट दिले. बाई तोवर घरोघरी फिरत होत्या. आणखी दोघी गरोदर बायकांना काविळीची सुरुवात झाली होती. त्यांना वेळेवर हलवले आणि त्या दोघी वाचल्या.

पुढच्या ग्रामसभेत बाईंनी वाडीसाठी नळ मागितला. एक गृहस्थ शांतपणे म्हणाले, "डॉक्टरबाई, त्या जातीला सवयच नसते स्वच्छतेची. नळ देऊन काय होणार?"

बाईंनी वाद घातला नाही. त्यांनी मागच्या रांगेकडे पाहिले. तिथे हिराची सख्खी बहीण आंबी बसली होती. तिचा नवरा एका बंगल्यावर राखणीला होता. तीही गरोदर होती. "तू सांगतेस का?" बाईंनी विचारले.

आंबी उठली. "आमी एकाच आईच्या. ती वाडीत ऱ्हायची, मी बंगल्यावर. मी नळाचं पेते. मला काय नाय झालं."

मग बाईंनी दवाखान्याची नोंदवही उघडली. बंगल्यांवर राहणाऱ्या सगळ्या कातकरी गरोदर बायकांची नावे त्यांनी वाचून दाखवली. त्यांतल्या एकीलाही कावीळ नव्हती. वाडीला नळ मिळायला आणखी एक उन्हाळा जावा लागला. तेवढ्या काळात बाई किती कचेऱ्यांच्या पायऱ्या चढल्या, ते मी पाहिले आहे.

त्यांचा मायाळूपणा गाजावाजा करणारा नव्हता. रमजानच्या महिन्यात माझे रोजे असत, तेव्हा माझ्या सगळ्या वाडीभेटी आपोआप सकाळच्या होत. तो बदल बाई करतात, हे मला दोन वर्षांनी कळले.

आज बाई पंचाहत्तरीत पदार्पण करीत आहेत. आता त्यांनी स्वस्थ बसावे, असे आम्हा सगळ्यांना वाटते. पण मागच्याच आठवड्यात खालापूरकडच्या एका वस्तीतून त्यांचा फोन आला, "इथल्या विहिरीचं पाणी तपासून घ्यायला हवं, तू येतेस का?" त्या बसणार नाहीत. म्हणून त्यांच्यासाठी निरोगी, भरपूर आयुष्य मागताना त्यांचे पायही बळकट राहोत, अशी दुआ करते. आणि हो, मी जाणार आहे त्यांच्याबरोबर.