आमच्या इवायांची अर्ध्या भावातली शाळा

आमच्या इवायांनी उभ्या आयुष्यात एकही वस्तू सांगितलेल्या भावाने घेतलेली नाही, आणि ज्या दिवशी घेतील त्या दिवशी वाशीम जिल्ह्यातले समस्त दुकानदार शटर ओढून सुट्टी जाहीर करतील, असं मी लेकीच्या लग्नापासून सांगत आले आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात आणि विहिणीला इहीन. म्हणजे हे माझ्या लेकीचे सासरे. सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन शिरपूरला राहतात. उंच, सडसडीत, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, आणि आवाज इतका मऊ की घासाघीस सुरू झाली हे समोरच्याला कळेपर्यंत ती आटोपलेली असते. मी वाशीमला शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई. जगात काही गोष्टी ठरलेल्या असतात आणि त्या तशाच ठेवायच्या असतात, असं मानणारी. या माणसाने मला जितके धक्के दिले तितके माझ्या सगळ्या वर्गांतल्या सगळ्या पोरांनी मिळून दिले नसतील.

पहिला धक्का लग्नातच बसला. तारीख काढायला आले तेव्हा त्यांनी स्वतः होऊन एक दिवस सुचवला. मला वाटलं, मुलाच्या रजेचं काही असेल. खरी गोष्ट अशी होती की आदल्या दिवशी त्याच मैदानावर दुसऱ्यांचं लग्न होतं, आणि मांडव उभाच असल्यामुळे मांडववाला निम्म्यात तयार झाला होता. माझी लेक नटूनथटून कमानीपाशी आली तर वर ‘मंगल परिणय’ खाली भलत्याच नवरानवरीची नावं थर्माकोलच्या अक्षरांत झळकत होती. मी इवायांना बोटाने कमान दाखवली. इवाई शांतपणे म्हणाले, “नावं कोन वाचते, इहीनबाई? मानसं जेवाले येतात.” पुढे कळलं की हे काहीच नाही. हा माणूस स्वेटर मे महिन्यात घेतो आणि कूलर ऐन थंडीत. कूलर नीट चालतो की नाही हे पाहायला म्हणून पौषात, कानटोपी घालून, घोंगडं पांघरून ते त्याच्यापुढे तासभर बसले होते आणि पुढचा आठवडाभर खोकत होते. गुडघे दुखतात म्हणून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं, तर डॉक्टरांनी एका गुडघ्याच्या ऑपरेशनचा खर्च सांगताच यांनी दोन्ही एकत्र केले तर काय घ्याल, असं विचारलं. डॉक्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

पण हे सगळे धक्के हसून सोडून देण्यासारखे होते. खरा धक्का बसला तो दोन वर्षांपूर्वी, जूनच्या शेवटी. मी सकाळच्या एसटीने शिरपूरला गेले होते. जैन देवळाच्या रस्त्याला यात्रेकरूंच्या गाड्या लागलेल्या, शाळेची घंटा होऊन गेलेली, आणि घरात पाहते तर आमची नात समू चटईवर बसलेली. समोर भिंतीवर टीव्ही, त्यात कॉलरला माइक लावलेले एक सर काहीतरी समजावत होते. अकरा वर्षांची पोर शाळेच्या दिवशी घरी, म्हणजे अंगात ताप असणार. मी पिशवी ठेवून आधी तिच्या कपाळावर हात ठेवला. इवाई आतून पाणी घेऊन आले आणि म्हणाले, “ताप नाही तिले. शाळा सुरू हाय.”

त्यांनी समूला शाळेतून काढलं होतं. आता ती घरीच शिकणार, रेकॉर्ड केलेले तास पाहून शिकणार, परीक्षा बाहेरून देता येते, चौकशी झालेली आहे, असं ते मला एखाद्या नव्या मिक्सरचे गुण सांगावेत तसं सांगू लागले. मला पुढचं काही ऐकू येईना. आमच्या घराघरांत भिंतीवर ज्यांची तसबीर आहे त्यांनी आमच्या आजोबा-पणजोबांना पहिली गोष्ट सांगितली ती शिकण्याची. माझ्या आईला शाळेची पायरी चढता आली नाही म्हणून तिने मला हाताला धरून चढवलं. आणि हा माणूस, जो दर जयंतीला विहारापुढे उभा राहून मुलींच्या शिक्षणावर भाषण देतो, त्याने स्वतःच्या नातीचं नाव शाळेतून कमी करावं? पाण्याचा पेला मी तसाच खाली ठेवला.

कारण मला स्वयंपाकघरात लेकीकडून कळलं. समू बोलताना अडखळते. लहानपणी थोडं होतं, आम्हाला वाटलं जाईल. ते गेलं नाही. वर्गात उभं राहून धडा वाचायची वेळ आली की पहिल्याच अक्षराला तिची गाडी अडायची आणि मागच्या बाकांवरून त्या अक्षराची नक्कल यायची. शेवटी तिच्या बाईंनी तिचा नंबर आला की पुढच्या मुलीला उठवायला सुरुवात केली. बाईंनी ते चांगल्या मनाने केलं असेल. पण समूने त्या दिवसापासून घरीही बोलणं टाकलं. हवं-नको ती मानेने सांगायची. लेक नर्स आहे, तिची ड्युटी कधी सकाळी, कधी दुपारी. जावई अकोल्याला नोकरीला, आठवड्याने यायचे. दिवसभर पोरीजवळ आजोबाच. ती मुकी होत चाललेली त्यांनी पाहिली आणि एक दिवस कुणालाही न विचारता जाऊन तिचा दाखला काढून आणला.

पोर गप्प होती, हे मी समजू शकत होते. पण त्यावर रेकॉर्डिंग दाखवणं हा कुठला इलाज? आणि इलाज करणारा माणूस आमचे इवाई. त्यांच्या राज्यात अभ्यासक्रम सरकार ठरवत नसे, सेल ठरवायचा. विज्ञानाचे तास स्वातंत्र्यदिनाच्या ऑफरमध्ये उतरणार अशी त्यांना खात्री होती, म्हणून तोवर विज्ञान थांबलं. अपूर्णांक राखीला स्वस्त होणार होते. एका बंद पडलेल्या शिकवणीवाल्याकडून त्यांनी इतिहासाच्या सीड्यांचा गठ्ठा वजनावर आणला. त्यातले सर दर तासाच्या सुरुवातीला “मागच्या तासाला आपण पाहिलंच आहे” असं म्हणायचे आणि मागचा तास गठ्ठ्यात नसायचाच. एका कंपनीने सातवीच्या भूगोलाबरोबर शेअर बाजाराचा कोर्स फुकट दिला, तर फुकट आलेलं वाया कसं घालवायचं म्हणून आजोबा-नात दोघांनी तोही पूर्ण पाहिला. कळस म्हणजे देवळात आलेल्या एका गुजराती यात्रेकरूशी चहाच्या टपरीवर गप्पा मारून त्यांनी त्याच्या मुलाचा जुना पेनड्राइव्ह मिळवला. फुकट. त्यामुळे माझी नात माणसाची पचनसंस्था गुजरातीतून शिकली. मी विचारलं, “भाऊ, तिले कळते तरी का?” तर म्हणाले, “आतडं सगळ्याईचं सारखंच रायते, इहीनबाई.”

मी दर पंधरवड्याला जाऊ लागले. म्हटलं, निदान गणित तरी मी घेईन. समू माझ्यासमोर बसायची, वहीत सगळं बरोबर सोडवायची आणि तोंडातून अक्षर काढायची नाही. श्रावण संपत आला तेव्हा एकदा दुपारी गेले, तर ओसरीतूनच मला समूचा आवाज ऐकू आला. अडखळत, थांबत, पण आवाज तिचाच. मी चपला न काढता आत गेले. इवाई खुर्चीत डोळे मिटून बसले होते. मोबाइल स्पीकरवर समूच्या पुढ्यात, आणि त्यातून एका पोरीचा गोड आवाज येत होता. ती अशाच कोर्स विकणाऱ्या कंपनीची होती. आणि माझी मुकी झालेली नात तिच्याशी भाव करत होती.

“मले आयकू कमी येते, माही नात बोलते,” असं सांगून हा गृहस्थ फोन पोरीपुढे सरकवायचा. त्यांचे कान इतके तिखट आहेत की पलीकडच्या गल्लीतल्या भंगारवाल्याने सांगितलेला भाव त्यांना घरात बसून कळतो. मला संताप आला. जी पोर वर्गात हसतील म्हणून तोंड मिटून बसली, तिला परक्यांशी घासाघीस करायला लावायची? मी फोन उचलून बंद करायला पुढे झाले, तेवढ्यात समू ‘किंमत’ या शब्दाला अडली. कि, कि, कि. तिचे डोळे घट्ट मिटले, मान ताठ झाली. मी जागच्या जागी थांबले. आता पलीकडून हसू येणार, अशी माझी खात्रीच होती. पलीकडून आवाज आला, “हो, बोला ना. मी आहे.” आणि मग शांतता. समूने तो शब्द पुरा केला. पुढचाही केला. पुढच्याच्या पुढचाही.

फोन झाल्यावर मी इवायांना ओसरीत गाठलं आणि जे काही बोलायचं होतं ते बोलले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तिचं बोलनं पुरं होईपर्यंत कोनी थांबत नव्हतं. शाळेत नाही, घरी आपनही नाही. आपन तिच्या तोंडातला शबद आपनच बोलून टाकतो. इकनारा मानूस थांबते. त्याले गिऱ्हाईक पायजे रायते.” तरी मी म्हटलं की त्या बिचाऱ्या पोरीचा वेळ फुकट घालवता, घ्यायचं काही नाही आणि रोज भाव करता. यावर ते नुसतेच हसले.

त्याचं उत्तर मला मिळालं दिवाळीच्या आधी. इवाई समूला घेऊन बाजारात गेले होते, मोबाइल घरी विसरले होते, आणि तो वाजला. मी उचलला. तीच मुलगी. मी माझी ओळख दिली आणि मनातलं सांगून टाकलं, की बाई, आमचे इवाई तुमच्याकडून काही घेणार नाहीत, उगाच आशेवर राहू नका. ती म्हणाली, “मॅडम, काकांनी पूर्ण वर्षाचा कोर्स ऑगस्टमध्येच घेतलाय. आम्हाला इथे दिसतं ना. सवलत चालू होती तरी मागितली नाही, पूर्ण किमतीत घेतला.”

लेकीला मी विचारलेलं होतं, हा नवा कोर्स बरा दिसतो, कुठून आला. आणि इवायांनी अर्ध्या भावात पाडून आणला असं तिने छातीठोकपणे सांगितलं होतं. तिलाही तसंच सांगण्यात आलं होतं. लोकांना लाच खाल्लेली लपवताना मी पाहिलं आहे, दारू लपवताना पाहिलं आहे. पूर्ण किंमत दिल्याचं लपवणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होते. मी त्या मुलीला विचारलं, की हे माहीत असून तुम्ही फोन कशाला घेता? ती म्हणाली, “दिवसभर लोक शिव्या देऊन फोन ठेवतात, मॅडम. ही एकटीच विचारते, ताई जेवल्या का म्हणून. ते विचारायला तिला वेळ लागतो. पण विचारते.”

त्या संध्याकाळी इवाई परत आले तेव्हा मी त्यांना काही बोलले नाही. त्यांनी मला नेहमीप्रमाणे कोथिंबिरीचा भाव कसा पाडला ते सांगितलं आणि मी नेहमीप्रमाणे कपाळाला हात लावला.

वर्ष सरलं, परीक्षा झाली, समू पास झाली. मे महिन्यात जेवताना तिने स्वतःच विषय काढला, की तिला शाळेत जायचं आहे. लेक, जावई, इवाई आणि मी, असे आम्ही चौघं तिला घेऊन गेलो. चौघं कशाला, तर प्रत्येकाला वाटत होतं की वेळ पडली तर आपणच बोलू. नव्या मुख्याध्यापकांनी काही विचारायच्या आत समू टेबलापुढे उभी राहिली. तिला तीन-चार ठिकाणी अडकायला झालं, पण तिने वाक्य सोडलं नाही. “सर, म-मले वाचाले येळ लागते. तुमी थांबसान तं मी प-पुरं वाचीन.” जावयांचं तोंड उघडलेलं मी पाहिलं, पोरीच्या मदतीला धावणारा तो शब्द त्यांनी परत गिळला. सरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, “थांबू.” इवाई तेव्हा खिडकीबाहेर बघत होते. फी किती, हप्ते किती, गणवेश कुठे स्वस्त, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. मला तो त्या दिवसाचा सर्वांत मोठा धक्का होता.

आता समू आठवीत आहे. अडखळते, अजूनही हसणारं कुणीतरी असतंच, पण धडा ती पुरा करते असं लेक सांगते. ती फोनवरची मुलगी नोकरी सोडून गेली. जाताना तिने समूला फोन करून सांगितलं आणि दोघी बराच वेळ बोलल्या म्हणे. मी परवा दुपारी शिरपूरला गेले तर घर शांत होतं. लेक ड्युटीवर, समू शाळेत. इवाई टीव्हीसमोर चटईवर बसले होते, आठवीचं बीजगणित लावून. मला वाटलं, नातीच्या निमित्ताने कुठूनतरी स्वस्तात हाती लागलं असेल आणि पैसे वाया जाऊ नयेत म्हणून पाहत असतील. मी तसं विचारणारही होते. तेवढ्यात तास संपला. पडद्यावरच्या सरांनी खडू ठेवला, समोर पाहिलं आणि विचारलं, “समजलं ना, मुलांनो?” खोलीत दुसरं कुणी नव्हतं आणि मी दारात उभी आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या इवायांनी चष्मा वर केला, जरासा विचार केला, आणि हळूच म्हणाले, “हो, सर.”