पत्र्याखालचा क्लास

माझ्या पोरीची कॉम्प्युटरची पहिली भाषा तिच्या मायनं निवडली, आणि ती छत बघून निवडली. शिकलेली माणसं हे ऐकून हसतात. हसू द्या.

आठवायचं कारण नात. पुण्यात असते. परवा फोनवर म्हणाली, आजोबा, मला प्रोग्रामिंग शिकायचंय. कोण म्हणतं पायथॉन घे, कोण म्हणतं जावा, आणि व्हिडिओ तर इतके आहेत की कोणता बघावा हे ठरवण्यातच दिवस जातो. आई म्हणाली, आजीनं कशी निवडली ते आजोबांना विचार. मी सहावी नापास माणूस. सगळी उमर किल्लारी-लातूर काळी-पिवळी जीप चालवण्यात गेली. मला त्यातलं काय कळणार? पण तिच्या आजीचा विषय निघाला. तिला जाऊन वर्ष होत आलं. घरात बोलायला दुसरं कोणी नाही, म्हणून लिहायला बसलो.

आमचं गाव किल्लारीजवळ. भूकंपात घर बसलं तेव्हा पोरगी भिंतीखाली होती. आम्ही दोघांनी हातांनी दगडमाती उकरून तिला जिती काढली. तेव्हापासून बायकोनं तिला पक्क्या छताखाली बसू दिलं नाही, झोपणं तर लांबच. पुढं सरकारकडून नवं घर मिळालं, वर चांगला स्लॅब. त्यात आम्ही ज्वारीची पोती ठेवली आणि शेजारी पत्र्याचं शेड ठोकून त्यात राहिलो. आमची सगळी गल्ली तशीच होती. धान्य स्लॅबखाली, माणसं पत्र्याखाली. बाहेरचा पाहुणा आला की चक्रावून जायचा. शाळाही पत्र्याची होती, म्हणून पोरीची बारावी झाली.

बारावी झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचं काढलं. तेव्हा लातुरात क्लासचं पीक आलं होतं. जिकडं बघावं तिकडं पोरांचे फोटो लावलेले बोर्ड, आणि ज्याला त्याला डॉक्टर व्हायचं होतं. हिला नव्हतं. हिला 'सी' नावाची भाषा शिकायची होती, कारण इंजिनिअरिंगला तीच लागते असं मैत्रिणीनं सांगितलं होतं. बायको म्हणाली, शिक, पण जागा मी बघणार.

जीप स्टँडवर लावली आणि तिघं निघालो. पहिला क्लास दुसऱ्या मजल्यावर. टेबलामागचा पोरगा सी, सी प्लस प्लस, काय काय सांगत होता. बायको वर बघत होती.

"ह्याच्यावर काय हाय?"

"अजून दोन मजले, मावशी."

तिनं पोरीचं मनगट धरलं आणि जिना उतरली. दुसरा क्लास तळघरात होता, तिथं तर ती पायरीवरूनच माघारी फिरली. दुपारपर्यंत असंच चाललं. पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी बायकोला म्हणालो, अगं, लातुरात काय तुझ्यासाठी मांडव घालून शिकवतील का? ती म्हणाली, घालू द्या की.

शेवटी एका तेलघाण्याच्या मागं एक क्लास सापडला. वर पत्रा, खाली तीन जुने कॉम्प्युटर. मशीन तापू नये म्हणून पत्र्यावर पोती टाकून त्यांवर पाणी मारायचे. सर एकटेच, शाळेतून रिटायर झालेले. तिथं फक्त 'बेसिक' नावाची भाषा शिकवत. बायकोनं बोटाच्या पेरानं पत्रा वाजवून बघितला, खांब हलवून बघितला.

"हितंच शिकंल ही."

पोरगी रडायला लागली. बेसिक आता कोणी वापरत नाही, सगळे हसतील, असं म्हणायला लागली. सरांनी तिची समजूत घातली नाही. भाषा जुनी आहे हे त्यांनी आधीच कबूल करून टाकलं. मग म्हणाले, "पोरी, हिच्यात आपली चूक कुठं झाली ते लवकर दिसतं. पहिल्या भाषेकडून एवढंच घ्यायचं. दुसरी मग जड जात नाही."

मी एक इंग्रजी पुस्तक घेऊन दिलं होतं, उशीएवढं जाड. सर म्हणाले, हे नंतर. त्यांनी हातानं लिहिलेले चार कागद दिले, बस. पोरगी लातूरच्या चालीची, पाठांतरावर वाढलेली. रात्रभर ते कागद घोकून गेली आणि दुसऱ्या दिवशी आख्खा प्रोग्राम तोंडपाठ म्हणून दाखवला. सरांनी त्यातला एक आकडा बदलला आणि आता काय उत्तर येईल ते विचारलं. हिनं पाठ केलेलं जुनंच उत्तर सांगितलं. मग घोकणं सुटलं. घरी मशीन नव्हतं, म्हणून लग्नपत्रिकांच्या पाठीवर कीबोर्ड काढला आणि शेडमध्ये बसून त्याच्यावर बोटं आपटायची. विद्यार्थी कमी, त्यामुळं क्लासात एक मशीन दिवसभर तिचंच. सी शिकणाऱ्या तिच्या मैत्रिणी मशीनसाठी नंबर लावून बसायच्या.

माय रोज सोबत जायची. दाराशी बसून कंटाळली, मग पत्र्यावर पाणी मारायचं काम आपल्याकडं घेतलं. सर नको म्हणत, ही शिडी लावून मोकळी. एकदा मी न्यायला गेलो तर पोरगी तिला आत ओढून नेत होती. तिनं स्वतः प्रोग्राम लिहिला होता, पडद्यावर इंग्रजी अक्षरं होती. सरांनी वाचून दाखवलं, "माय, जेवलीस का?" असं मशीन विचारतंय, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढं जात नाही.

बायको पदर सावरून मशीनसमोर उभी राहिली. "जेवले म्हणून लिव्ह," म्हणाली. मग हसत हसत, "त्याला बी विचार, जेवलं का."

तसं हसताना मी तिला भूकंपानंतर पहिल्यांदा बघितलं.

पण खरा घोर पुढं होता. पोरीला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात जागा मिळाली आणि कॉम्प्युटरची लॅब निघाली तिसऱ्या मजल्यावर. वर स्लॅब, खाली स्लॅब. पोरगी मला हळूच म्हणाली, "बाबा, माय न्हाई म्हणली तर मी शिकणार न्हाई." कॉलेजच्या अंगणात आम्ही तिघं उभे. बायकोनं इमारतीचे मजले बोटानं मोजले. मग म्हणाली, "थांबा हितंच. मी आधी जाऊन येते."

एकटी गेली. भिंतीला हात लावत, पायरी-पायरीवर थांबत. आम्ही खालून बघतोय. बऱ्याच वेळानं तिसऱ्या मजल्याच्या खिडकीत तिचा पदर दिसला. वरून हाक आली.

"धाडा तिला."

पोरगी पळतच गेली. तिथं ती सी शिकली, आणि सरांनी म्हटलं तसं जड गेलं नाही. ते नंतरचं.

त्या दिवशी तिला पत्र्याच्या बैठ्या हॉस्टेलवर सोडून आम्ही दोघं माघारी निघालो. बायको जीपमध्ये गुडघे दाबत बसलेली. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. चाकूर जवळ आलं तेव्हा म्हणाली,

"जिना रुंद हाय. पळता येतंय."